नेरूळचा कॉन्सर्ट सुटल्यावर बेळगाव गाठायचं कसं? परतीच्या वाटांची पारख

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं तिकिटं काढतात. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथे झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. तिकीट मिळवायला सगळे रात्र जागवतात. परत कसं यायचं याचा विचार मात्र शेवटचं गाणं वाजल्यावर सुरू होतो, आणि तोवर निम्मे पर्याय हातचे गेलेले असतात.

उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची ती मर्यादा आहे आणि सवलत ठरावीक दिवसांनाच मिळते. म्हणून कार्यक्रम दहाच्या आसपास आटोपणार हे धरून चालावं. गॅलरीतून गेटबाहेर यायला अर्धा तास. तिथून नेरूळ स्टेशनपर्यंत गर्दीच्या चालीने आणखी अर्धा तास. म्हणजे अकराच्या आधी तुम्ही कुठल्याही गाडीत बसलेले नसता. खालची सगळी पारख याच अकराच्या हिशेबावर केली आहे.

थेट रेल्वे: सोडून द्या

दादरहून बेळगावमार्गे जाणाऱ्या चालुक्य आणि शरावती रात्री साडेनऊच्या सुमारास सुटतात. तेव्हा मैदानात मुख्य कलाकार नुकताच रंगात आलेला असतो. या गाड्या कल्याण, कर्जतवरून पुण्याला जातात, त्यामुळे पनवेलला गाठू म्हणणाऱ्यांचाही हिशेब चुकतो. टॅक्सीने पुण्यात जाऊन पकडू, हेही जमत नाही. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी तर सव्वाआठच्या सुमारासच निघून जाते. दुसऱ्या दिवसावर नेलं तर पुणे-हुबळी वंदे भारत आहे. ती पुण्याहून दुपारी सव्वादोनला सुटते आणि रात्री साडेआठच्या सुमारास बेळगावात येते, पण धावते फक्त गुरुवार, शनिवार आणि सोमवारी. कार्यक्रम रविवारी असेल आणि पुण्यात कुणाकडे पाठ टेकायची सोय असेल, तर सोमवारची ही गाडी आरामाची.

खाजगी स्लीपर: बहुतेकांसाठी हीच, पण चढायचं ठिकाण नीट निवडा

बेळगावच्या ट्रॅव्हल्स बोरिवली, सायनकडून वाशी, नेरूळ, खारघर, कळंबोली करत द्रुतगती मार्गाला लागतात. स्टेडियम सायन-पनवेल महामार्गालगतच आहे, म्हणून नेरूळचा एलपी थांबा सगळ्यात सोयीचा वाटतो. कार्यक्रमाच्या रात्री तोच सगळ्यात वाईट. पोलीस वाहतूक वळवतात, सर्व्हिस रोडवर रिक्षा आणि टॅक्सी तीन-तीन रांगांत उभ्या असतात, आणि बसचा ड्रायव्हर तिथे पाच मिनिटं थांबायलाही राजी नसतो. तो पुलावरून निघून जातो आणि फोन करून सांगतो, ‘पुढे या.’

म्हणून बोर्डिंग पॉइंट गर्दीच्या पलीकडचा घ्यावा, खारघर हिरानंदानी किंवा कळंबोली मॅकडोनाल्ड. तिथवर लोकलने जायचं. नेरूळहून पनवेलच्या दिशेला सीवूड्स दारावे, सीबीडी बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि मग पनवेल. मैदानातला लोंढा बहुतेक सीएसएमटी आणि ठाण्याकडे जाणारा असतो, त्यामुळे पनवेल बाजूच्या फलाटावर श्वास घेण्याइतकी जागा मिळते. खारघरला उतरून रिक्षा केली की महामार्गावरचा थांबा जवळच. कळंबोलीसाठी पनवेलहून रिक्षा बरी पडते.

बुकिंग करताना नजर चुकते ती वेळेवर. ॲपवर ठळक दिसणारी वेळ बस पहिल्या थांब्यावरून सुटण्याची असते. तुमच्या थांब्याची वेळ बोर्डिंगच्या यादीत वेगळी दिलेली असते, तीच पाहायची. ती साडेअकराच्या आधीची असेल तर ते तिकीट घेऊच नये. बाराच्या आसपासची असेल तर उत्तम. बोरिवलीहून घोडबंदरमार्गे येणारी गाडी हमखास उशिरा येते, आणि या एका रात्री तो उशीर आपल्या पथ्यावर पडतो.

दुसरी अडचण फोनची. हजारो लोक एकाच टॉवरवर लटकलेले असतात, त्यामुळे दहा ते अकरा या तासात ना इंटरनेट चालतं ना ड्रायव्हरचा फोन लागतो. गाडी क्रमांक आणि ड्रायव्हरचा नंबर संध्याकाळी सहाच्या सुमारास मेसेजने येतो. तो स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा आणि जमलं तर कागदावर उतरवावा. आत जायच्या आधीच ड्रायव्हरला एक फोन करून सांगावं, ‘मामा, आम्ही कळंबोलीला दोघं आहोत, नेरूळला थांबू नका.’ पॉवर बँक आणि मोठी बॅग बहुतेक कार्यक्रमांत गेटवरच अडवतात. सामान न नेणं हाच त्यावर इलाज. एसी स्लीपरला पांघरूण मिळतं, तेवढं एका रात्रीला पुरतं.

बर्थ निवडताना शेवटची रांग टाळा. बऱ्याच गाड्यांचं इंजिन मागे असतं आणि मागच्या चाकावरचे सगळे धक्के तिथेच बसतात. सातारा ते कागल आणि पुढे बेळगावपर्यंत सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांनी ही गोष्ट चांगलीच जाणवते. एकट्याने जाणाऱ्याने मधली, खालची, एका बाजूची बर्थ घ्यावी. कळंबोलीहून बाराला निघालेली गाडी सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान बेळगावात येते. कामावर दहाला हजर व्हायचं असेल तर आधीच अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली बरी.

उतरायचं कुठे हेही विचारून घ्या. बेळगावातच संपणारी गाडी शहरात येते. हुबळी-बेंगळूरला पुढे जाणारी मात्र बऱ्याचदा महामार्गावर गांधीनगरच्या पुलापाशी उतरवून मोकळी होते. तिथून टिळकवाडी, शहापूर किंवा वडगावला जायला रिक्षा मिळते, पण मीटरचा विषयच नको; भाडं बसण्याआधी ठरवावं. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत आलात तर सीबीटी या शहर बसस्थानकातली बस शेजारीच उभी असते. निपाणी, संकेश्वरच्या लोकांनी बेळगावचं तिकीट काढू नये. वाटेत उतरण्याचा थांबा तिकिटावरच असलेली गाडी शोधावी, नाहीतर झोपेत निपाणी मागे पडते.

एस. टी. आणि कर्नाटकची बस: स्वस्त, पण सीमेवर तिकीट बदलतं

पनवेलहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून बेळगाव, असे दोन टप्पे करावेत. कोल्हापूर ते बेळगाव सुमारे ११० किलोमीटर. पहाटेपासून दोन्ही राज्यांच्या बस असतात, पकडायला कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते पनवेलला मध्यरात्री बसायला जागा मिळण्याचे. आधी आरक्षण नसेल तर उभ्याने खंडाळा चढायची तयारी ठेवा.

महिलांसाठी इथे एक हिशेब आहे. एस. टी.तली निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ पासून आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. थेट बेळगावचं तिकीट काढलं तर कागलच्या पुढचं अंतर पूर्ण भाड्याने मोजलं जातं. कर्नाटकाची महिलांना फुकट प्रवास देणारी शक्ती योजना जून २०२३ पासून सुरू आहे. ती राज्यांतर्गत साध्या बसना लागू आहे, आंतरराज्य फेरीला नाही, आणि राजहंस, स्लीपर किंवा एसी गाड्यांनाही नाही. म्हणून बेळगावच्या पत्त्याचं आधार कार्ड असलेल्या बाईने निपाणीला उतरून तिथून बेळगावची साधी कर्नाटक बस धरली, तर तो टप्पा फुकट होतो. वेळ अर्धा-पाऊण तास जास्त जातो. चौघी मैत्रिणी मिळून आल्या असतील तर बचत चांगली दिसते, एकटीने रात्रभर जागून एवढी दगदग करण्यात अर्थ नाही.

सीमाभागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तरीही: निघण्याआधी दोन दिवस बातम्यांवर नजर ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या एकमेकांकडे जाणाऱ्या बस काही दिवस बंद होत्या. अशा वेळी कागल किंवा कोगनोळीला उतरून पलीकडे दुसरी गाडी शोधावी लागते.

आणि नावाची गंमत. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. बुकिंगच्या शोधात एका नावाने गाडी दिसली नाही तर दुसरं टाकून पाहा. रेल्वेचा संकेत मात्र अजून बीजीएम हाच आहे.

कोकणकन्या आणि आंबोली: माहितगारांची वाट

कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि साडेबाराच्या सुमारास पनवेलला येते. नेरूळहून निघालेल्याला ती आरामात सापडते. सकाळी सावंतवाडी रोडला उतरायचं. स्टेशन गावाबाहेर मळगावला आहे, तेव्हा बसस्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते. तिथून आंबोली घाट चढून बेळगावची बस, जवळजवळ शंभर किलोमीटर, साधारण तीन तास.

ही वाट लांबची वाटते, पण चंदगडवाले आणि शिनोळी, बाची, उचगाव, सुळगा, हिंडलग्याच्या लोकांना बस घराच्या फाट्यावरच सोडते. बेळगावात जाऊन परत मागे यायला नको. रात्री रेल्वेच्या बर्थवर झोप मिळते, रस्त्याचे धक्के नाहीत. फक्त आरक्षण फार आधी करावं लागतं, आणि मे महिना किंवा गणपतीच्या आसपास ते मिळेल असं धरूच नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि आंबोलीत दरड कोसळली तर सावंतवाडीलाच अडकून पडाल. नोव्हेंबर ते मार्च या काळात ही वाट आम्ही खाजगी स्लीपरच्याही वर ठेवू, पण घर शहराच्या पश्चिमेला असेल तरच. अनगोळ, वडगावच्या माणसाने या भानगडीत पडू नये.

लोकलच्या तिकिटाचं एवढं लक्षात ठेवा: सकाळी पनवेलला उतरून नेरूळला जाताना तिथेच परतीचं तिकीट काढा. रात्री नेरूळच्या खिडकीवर आणि मशीनवर रांग लागलेली असते आणि नेटवर्क नसल्याने मोबाइल तिकीटही निघत नाही. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असला तर सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमारास गाड्या बंद असतात. तेव्हा जातानाच पनवेलहून लवकर निघा, नाहीतर बसने नेरूळ गाठा.