डिटेक्टर घ्यावा की सळई?

मेटल डिटेक्टरला काच ऐकू येत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धा प्रश्न सुटतो. पडक्या घराच्या जागी जमिनीत दडलेली जुनी बटणं, नाणी, किल्ल्या हव्या असतील तर डिटेक्टर. बाटल्या हव्या असतील तर जमिनीत टोचून पाहायची, आडव्या मुठीची पोलादी सळई. घोळ होतो तो दोन्हींचा नाद असणाऱ्यांचा.

डिटेक्टरवर बहुतेकदा पहिल्याच दिवशी काहीतरी हाती लागतं. नाण्याएवढी वस्तू जेमतेम वीतभर खोलीपर्यंत सापडते, त्यामुळे खणणंही बेताचंच. खरा छळ खिळ्यांचा. घर जळालेलं किंवा पाडलेलं असेल तर जोत्याभोवती खिळ्यांचा सडा असतो, आणि एखादा वाकडा गंजका खिळा मधूनच डिटेक्टरमधून चांदीसारखा उंच सूर काढतो. अशा वेळी काटकोनात वळून त्याच जागी पुन्हा कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची तबकडी, फिरवायची. दोन्हीकडून सूर सारखा आला तर खणा. एकीकडून खणखणीत, दुसरीकडून तुटका आला तर बहुधा लोखंडच. इथे अकरा इंची कॉइलपेक्षा पाच-सहा इंची बरी. मोठीखाली तीन खिळे आणि एक बटण एकदम येतात, आणि बटणाचा आवाज दबून जातो. पन्नीच्या आवाजांचा कंटाळा येऊन डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गप्प करणारी सेटिंग, चढवलं, तर तिच्याबरोबर सोन्याची पातळ अंगठीही गप्प होते. पल्स इंडक्शन नावाच्या वेगळ्या प्रकारच्या डिटेक्टरच्या मोहात मात्र पडू नका. खनिजं जास्त असलेल्या मातीत ते खोल जातं हे खरं, पण लोखंड वेगळं काढण्यात कच्चं. घरांच्या जागी दिवसभर खिळेच उपसाल.

सळईचं काम संथ, अख्खा दिवस कोरडाही जातो. रिकाम्या बाटल्या लोक परसातल्या उकिरड्यावर नाहीतर संडासाच्या खड्ड्यात टाकत. घरामागे जमीन किंचित खचलेली दिसली की तिथे टोचून पाहायचं. न हललेली माती सळईला अडवते. भरलेल्या खड्ड्यात ती एकदम आत जाते आणि टोकाला राख लागून येते. दगड ‘ठक्क’ करतो, वीट खरखरते आणि टोक लाल करते. काचेचा आवाज बारीक, किणकिणता. तो कानाआधी बोटांना कळतो. तिथेच हात आवरायचा, नाहीतर शतकभर टिकलेली बाटली तुमच्याच हातून फुटेल. टोचण्याआधी खालून वायर किंवा पाइप गेलेला नाही, याची खात्री मात्र हवी.

धोकाही सळईवाल्यालाच जास्त. खड्डे छातीच्या वर जातात आणि भरावाची माती न सांगता ढासळते. एकट्याने उतरू नका, तळाशी आडवं पोखरू नका. बूच घट्ट असलेल्या बाटलीत काही दिसलं तर ती उघडू नका.

बाटली आपलं वय मात्र स्वतःच सांगते. साच्याची शिवण थेट ओठावर चढली असेल तर ती यंत्राची. ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, सहसा त्याआधीची धरू नका. शिवण मानेवरच विरली तर ओठ बहुधा हाताने घडवलेला, आणि बुडाशी खडबडीत वण असेल तर आणखी जुनी. पितळी बटण इतकं बोलत नाही. गंजलेलं लोखंड तर जमिनीबाहेर आल्यावरही झिजत राहतं, त्याची उस्तवार वेगळीच. बाटलीला ती कटकट नाही; फक्त गार खड्ड्यातून काढून लगेच गरम पाण्यात बुडवू नका, तडकते.

परवानगी दोन्हींना लागते आणि ती लेखी असलेली बरी. पण मातीचा ढलपा उचलून परत दाबणाऱ्या डिटेक्टरवाल्याला मालक जितक्या सहज हो म्हणतो, तितक्या सहज परसात पुरुषभर खड्डा करणाऱ्याला म्हणत नाही. संरक्षित जागा असेल तर मालकाचा होकारही पुरत नाही.

माझं मत: बाटल्याच हव्या असल्या तरी आधी डिटेक्टर घ्या. जुन्या उकिरड्यात डबे, चुलीचे तुकडे, पिंपाच्या पट्ट्या असतात. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करून परसात फिरलात आणि मोठ्या पट्ट्यात सलग लोखंड वाजलं, की सळई कुठे टोचायची ते कळतं. सळई नंतर कुणाही लोहाराकडून करून घेता येते. फक्त एकच परस हाताशी असेल आणि संडास कुठे होता हे मालकालाच ठाऊक असेल, तर डिटेक्टरचा खर्च वाचवा.