हेडर लावताय? मग ऑक्सिजन सेन्सरची जागा आधी ठरवा

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धुरात किती ऑक्सिजन उरला हे मोजणारा सेन्सर. इंजिनचा धूर गोळा करणारं मूळ मॅनिफोल्ड उतरवून ४-२-१ हेडर (चार पाइपांचे दोन, दोनाचा एक होणारी नळ्यांची जोडणी) बसवायचं ठरलं की इंदूरचा आर्गनवाला, म्हणजे आर्गन वेल्डिंग करणारा, विचारतो, "भिया, सेंसर का नट कहाँ लगाऊँ?" ‘जिथे जागा मिळेल तिथे’ असं सांगून पोहे खायला निघून जाऊ नका. जागा तीन आहेत आणि तिन्ही सारख्या नाहीत. हे साध्या, बिनटर्बोच्या चार सिलेंडर पेट्रोल गाडीबद्दल सांगतोय.

पहिली जागा पोर्टजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी, चारपैकी एका पाइपवर. सेन्सरला काम सुरू करायला साधारण ३०० अंश तापमान लागतं, ते इथे पटकन मिळतं. पण तो वाचतो फक्त एकच सिलेंडर. चौघांचं पोट भरलं का हे एकालाच विचारण्यासारखं! त्या एका सिलेंडरचा इंजेक्टर अर्धवट तुंबला असेल, तर ईसीयू (इंजिनचा संगणक) चारही सिलेंडरमध्ये पेट्रोल वाढवतो. ही जागा सोडा.

दुसरी, चारही पाइप जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरच्या पुढे आणि कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. माझं मत हिलाच. चौघांचा वायू मिसळलेला असतो आणि उष्णताही पुरेशी असते. अट एकच: सेन्सरच्या आधीचा एकही सांधा गळता कामा नये. बऱ्याच हेडरमध्ये पाइपात पाइप सरकवलेले जोड असतात. ते गळत असले तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढतात, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू पेट्रोल ओततो आणि तुम्ही मायलेज पडलं म्हणून पंपवाल्याला शिव्या देता. इंजिन थंड असताना सुरू करा, कोणाला तरी मागच्या नळीवर ओलं फडकं धरायला लावा आणि बोनेट उघडून कान द्या. फुसफुस ऐकू आली तर आधी सांधा, मग ट्यूनिंग.

तिसरी जागा गाडीच्या पोटाखाली, कॅटच्या जरा आधी. वेल्डिंगवाल्याची आवडती, कारण हात सहज पोचतो. पण सेन्सर उशिरा तापतो आणि बदलाची खबरही उशिरा मिळते. शिवाय थंडीत सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत जाऊन परत येण्याएवढ्या फेरीत पाइप कोरडाच होत नाही. आत साठलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला की ते तडकतं. हेडर तिथवर लांबच असेल तर नाइलाज, एरवी नको.

टर्बो गाडीचं गणित वेगळं. टर्बोच्या आधी दाब आणि उष्णता दोन्ही जास्त, रीडिंग बिघडतं. म्हणून सेन्सर डाउनपाइपवर (टर्बोतून निघणाऱ्या पाइपवर), टर्बोपासून दोनेक फूट पुढे. ट्यूनिंगसाठी वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँडला वायूचं तापमान सतत ९३० अंशांच्या वर सोसत नाही.

जागा कुठलीही घ्या, नट पाइपच्या वरच्या अंगाला हवा, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधे. टोक खाली झुकलेलं, आडव्यापेक्षा किमान १० अंश. पाइपच्या तळाला लावलेला सेन्सर पाण्यात बसतो.

मागचा, म्हणजे दुसरा सेन्सर कॅटच्या नंतरच राहू द्या. त्याचं काम कॅटवर पहारा ठेवण्याचं. कॅट काढलात की त्याचंही रीडिंग पुढच्यासारखं हेलकावे घेतं आणि पी०४२० कोडसह चेक इंजिन दिवा लागतो. स्पेसर (सेन्सरला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) घालून दिवा विझवणारे भेटतील, पण धूर तसाच राहतो. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ ही वाचून ठेवा. खरं तर हेडरचाही प्रश्न तिथे येतोच.

वायर कमी पडली तर वाढवा, पण वाइडबँडचा प्लग कापू नका. त्याच्या आत त्या सेन्सरचा स्वतःचा कॅलिब्रेशन रोधक (रेझिस्टर) असतो. जोड गाडीच्या बाजूने द्या. साध्या सेन्सरच्या वायरीला डाग देऊ (सोल्डर करू) नका, बरेच सेन्सर तुलनेची हवा तारांमधूनच घेतात.

वेल्डिंग करताना चालू सेन्सर नटात ठेवू नका. एम१८ × १.५ आट्यांचा जुना निकामी सेन्सर त्यात घट्ट बसवून मग आर्गन मारायला सांगा, नाहीतर आटे वाकडे होतात.