तारीख कळण्यासाठी तालुक्याची फेरी वाचवणारे ई-कोर्ट्स ॲप

दोन वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेतून मोटारीची केबल चोरीला गेली आणि फिर्यादी म्हणून कोर्टाशी आमचा संबंध आला. सुरुवातीला पुढची तारीख विचारण्यासाठी नाना पहाटेच पाणी सोडून एसटीने तालुक्याला जात. कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात तर तारीख पाहून सांगण्याचेही पैसे घेतले गेले, याचे मला फार वाईट वाटते, कारण ही माहिती ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपवर विनामूल्य मिळते.

प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात आधी राज्य, जिल्हा व न्यायालयाची खूण आणि शेवटी वर्ष असते. तो टाकला की पुढची तारीख, खटल्याचा टप्पा, मागील तारखांना काय झाले आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. क्रमांक ठाऊक नसेल, तर पक्षकाराच्या नावावरून किंवा पोलीस ठाणे निवडून एफआयआर क्रमांकावरूनही शोध घेता येतो. (एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे, ती जपून ठेवावी.)

‘माय केसेस’मध्ये खटला जतन करण्याची सोय मला सर्वाधिक उपयोगी वाटते; नाना आता बांधावर बसून स्वतः तारीख पाहतात. मात्र तेथील आदेश हा केवळ माहितीसाठी असतो, त्यामुळे अपिलासाठी प्रमाणित नक्कल लागल्यास न्यायालयात रीतसर अर्ज करावाच लागतो, आणि तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांना एक फोन जरूर करावा.