एक्सएफसीईचा व्हिस्कर मेनू: साधा, पण मनाजोगता

लिनक्स या संगणकप्रणालीवरील एक्सएफसीई या हलक्याफुलक्या डेस्कटॉपचा मूळ मेनू विभागांमागून विभाग उलगडत नेतो, आणि हवा तो प्रोग्राम नेमका कोणत्या विभागात ठेवला आहे, हे आठवण्यातच वेळ जातो. त्याला पर्याय असलेला व्हिस्कर मेनू ही शोधाशोध बहुतांशी संपवतो. मेनू उघडताच टंकलेखन सुरू करावे. नावाबरोबरच वर्णनातील शब्दही तो तपासत असल्यामुळे प्रोग्रामचे नाव विसरले, तरी काम अडत नाही. एक्सएफसीई वापरणाऱ्या झुबंटू या लिनक्स-वितरणाने २०१४ च्या १४.०४ आवृत्तीत त्याला मूळ मेनूच्या जागी बसवले, ते मला योग्यच वाटते.

त्याची खरी गंमत मात्र ‘शोध-क्रिया’ या सोयीत आहे. शोधचौकटीत ‘#’ या चिन्हापुढे एखाद्या आज्ञेचे नाव लिहिले की तिचे माहितीपान उघडता येते, उद्गारचिन्हापुढे लिहिलेली आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून चालवायच्या खिडकीत, चालवता येते आणि प्रश्नचिन्हाने शोध थेट इंटरनेटवर जातो; शिवाय अशा क्रिया आपण स्वतःही जोडू शकतो, म्हणजे नेहमीचा मराठी शब्दकोश एका अक्षराच्या अंतरावर आणून ठेवता येतो.

मेनूच्या खिडकीचा आकार कोपरा ओढून बदलतो. पारदर्शकता, चिन्हांचा आकार, विभागांची बाजू हे सारे गुणधर्मांत सापडते. आवडत्या प्रोग्रामांऐवजी अलीकडे वापरलेले प्रोग्राम आधी दाखवण्याचा पर्याय मला अधिक उपयोगी वाटला.

आपल्या फायली मात्र हा मेनू शोधून देत नाही. त्यासाठी कॅटफिशसारखे वेगळे साधन हाताशी ठेवावे लागते.