बूट होतंय म्हणून कार्ड खरं समजू नका

भावाच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवायला आणि जमिनीतल्या ओलाव्याच्या नोंदी ठेवायला मी एका छोट्या एआरएम बोर्डासाठी बिल्डरूटवर (छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधायचं साधन) स्वतःचं लिनक्स तयार करत होतो. बोर्ड आणि ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एकत्रच घेतलं. नावाजलेल्या कंपनीचं पाकीट, होलोग्राम, सगळं होतं. कार्ड बनावट निघालं. आत खरी मेमरी जेमतेम ८ जीबी.

हे लवकर लक्षात का येत नाही ते नीट सांगतो, कारण फसवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. बिल्डरूटची इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची तयार सिस्टिमची फाइल, लहान असते. ती कार्डाच्या सुरुवातीला बसते आणि तेवढा भाग खरा असतो. इमेज कार्डावर लिहिणारी डीडी कमांड विनातक्रार पूर्ण होते, बोर्ड बूट होतो, सिरीयल कन्सोलवर लॉगिन येतं. मग पहिल्याच बूटला माझी स्क्रिप्ट रूट पार्टिशन (कार्डावरचा मुख्य सिस्टिमचा भाग) कार्डभर वाढवते आणि तिथून बिघाड सुरू होतो. खऱ्या मेमरीच्या पुढे लिहिलेला डेटा काही कार्डांत नुसताच गडप होतो, काहींत फिरून सुरुवातीच्या डेटावर जाऊन बसतो. माझं कार्ड दुसऱ्या प्रकारचं. कधी ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची एरर, कधी एखादी लायब्ररी खराब, आणि शेवटी कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच थांबतो: रूट एफएस (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट होत नाही, अननोन ब्लॉक (१७९,२).

अशा वेळी संशय कशाकशावर घ्यायचा? डिव्हाइस ट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन), यू-बूट या बूटलोडरचे बूटआर्ग्स (कर्नलला दिलेल्या सूचना), कर्नल कॉन्फिग, पॉवर सप्लाय. एकेक बदलायचं, पुन्हा बिल्ड लावायचा आणि जुन्या लॅपटॉपसमोर तासन्‌तास बसायचं. विक्रेत्याने याचाच फायदा घेतला. "आमच्याकडे बूट होतोय, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम आहे," हे एकच पालुपद लावून त्याने परतीची मुदत संपू दिली. मला याचाच सर्वात जास्त संताप येतो. खरं तर पॅनिकमधला तो १७९ आकडा एमएमसी, म्हणजे एसडी कार्डासारख्या डिव्हाइसचा आहे आणि २ हा पार्टिशनचा. म्हणजे कर्नलला कार्ड सापडलं होतं, दुसरं पार्टिशनही दिसत होतं, त्यातला डेटाच बिघडलेला होता.

कार्ड स्वतःच खोटी क्षमता सांगू शकतं, कारण प्रत्येक एसडी कार्डात मेमरीबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो आणि तो सांगेल ते लिनक्स मानतं. हार्डवेअर हॅकर बनी हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी २०१३ मध्ये हॅम्बर्गच्या ३०सी३ या हॅकर परिषदेत काही कार्डांच्या कंट्रोलरमध्ये आपला कोड चालवून दाखवला होता, म्हणजे कंट्रोलरला हवं ते बोलायला लावता येतं.

म्हणून कार्ड हातात आलं की इमेज टाकण्याआधी एफ३ हे कार्डाची खरी क्षमता तपासणारं साधन चालवा. एफ३राइट कार्ड काठोकाठ भरतं, एफ३रीड सगळं परत वाचून किती डेटा हरवला ते दाखवतं. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं. वेळ लागतो, पण रात्री लावून झोपलात तरी चालतं. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ आणि एफ३रीडच्या निकालाचा स्क्रीनशॉट परतीच्या मुदतीतच विक्रेत्याला लेखी पाठवा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. माझी तक्रार नोंदवून झाली आहे, आणि तो विक्रेता अजूनही बोर्डासोबत तेच कार्ड विकतो आहे.