दुपारचा भात की नाचणीची भाकरी? वजन उतरवताना कोकणातलं ताट

वजन कमी करायचं ठरलं की कोकणातल्या घरात पहिली गदा भातावर येते. भात बंद, नाचणीची भाकरी सुरू. पण आकडे असे: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, तेवढ्याच नाचणीच्या पिठात ३२० ते ३३०. एवढ्याशा फरकाने कुणाचं पोट उतरत नाही. खरा फरक मोजण्यात आणि चावण्यात आहे.

५० ग्रॅम तांदळाचा शिजून जेमतेम १५० ग्रॅम भात होतो, म्हणजे १७५ कॅलरी. पानात मात्र एवढ्यावर भागत नाही. कालवणासाठी भात, भात उरला म्हणून पुन्हा कालवण, शेवटी सोलकढीवर आणखी मूठभर. ओला भात फारसा चावावा लागत नाही, त्यामुळे पोट भरल्याचं कळेपर्यंत तिप्पट गेलेला असतो. भाकरी मोजता येते: ५० ग्रॅम पिठाची एक, १६५ कॅलरी, संपली की संपली. शिवाय नाचणीत १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. कॅल्शियम तर नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात नावापुरतं.

मग भाकरीच का नको? कारण ती सगळ्यांना निभत नाही. कोरड्या पिठात थंड पाणी घालून थापली की कडा फुटतात आणि दुपारपर्यंत डब्यात ती वातड होते. मग ती घशाखाली उतरावी म्हणून वर तूप किंवा लोणी येतं. एक चमचा तूप म्हणजे ४०-४५ कॅलरी. वाचवलेलं तिथेच गेलं. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर उकळतं पाणी घालून झाकण ठेवावं, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळावं, म्हणजे भाकरी मऊ राहते. चोथ्याची सवय नसेल तर पहिला आठवडा एकच भाकरी खा आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगतं. नाचणीची बिस्किटं आणि साखर घातलेलं सत्त्व मात्र भाकरीच्या हिशेबात धरू नका.

आमचं मत विचाराल तर दुपारी भात, रात्री भाकरी. माशाच्या कालवणाशी भातच जमतो, तो तोडला तर महिन्याभरात माणूस कंटाळून पूर्ववत जेवतो. पण तांदूळ शिजवण्याआधी मोजा, माणशी ५० ग्रॅम, आणि भात एकदाच वाढून घ्या. घरात उकडा तांदूळ असेल तर उत्तम, त्याची ३० ग्रॅमची पेज सकाळी वाडगाभर होते. मात्र पेज नुसत्या लोणच्याबरोबर घेतली तर अकरा वाजता पुन्हा भूक लागते, सोबत एक उकडलेलं अंडं किंवा कुळथाची पिठी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-भाकरीचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर एकदम उतरू शकते.

आता भातापेक्षा मोठी गोष्ट: वाटप, म्हणजे कालवणात घालायचं वाटलेलं खोबरं आणि मसाला. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे ३५० कॅलरी. चार माणसांच्या कालवणात अर्धा नारळ गेला तर माणशी सव्वाशेच्या आसपास कॅलरी फक्त खोबऱ्याच्या. पाव नारळात तेच कालवण दाट करायचं असेल तर कांदा भाजून वाटपात घाला. बांगड्याचं तिखलं तर खोबऱ्याशिवायही चांगलं होतं: तिरफळ, लाल मिरची, कोकम, एवढंच. मासा तळायचाच झाला तर तव्यावर माणशी एक लहान चमचा तेल पुरे. रव्याचा जाड थर तेल पितो, हलकी तांदळाची पिठी लावा. १०० ग्रॅम बांगड्यातून १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणून वजन उतरवताना मासा कमी करणं ही चूकच. सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाविना केलेली फुटी कढी घ्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कुळीथ, मूग, काळे वाटाणे आणि अंडी. सुकट घ्या, पण कोमट पाण्यात दोनदा धुऊन, कारण मीठ बरंच असतं. रक्तदाब असेल तर ती टाळलेली बरी.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तर वेग योग्य आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही तेवढाच वेग सुरक्षित धरतात आणि दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये असं सांगतात. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. तीन आठवडे काटा हलला नाही तर भात आणखी कमी करण्याआधी आठवड्याला किती नारळ फुटले आणि तेलाचा डबा किती दिवसांत संपला ते बघा.