‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ : काही महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

ईडिथ नेस्बिट यांची १९०६ सालची ही कादंबरी पावसाळ्यापासून आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचली जाते. ती एकदा पूर्ण झाली असून मुलीच्या हट्टामुळे दुसरे पारायणही अर्ध्यावर आले आहे, तेव्हा पहिल्या नवलाईपलीकडचे मत आता देता येईल. सिरिल, अँथिया, रॉबर्ट आणि जेन या भावंडांना लंडनच्या एका दुकानात ताईताचा अर्धा तुकडा मिळतो आणि उरलेल्या अर्ध्याच्या शोधात ती प्राचीन इजिप्त, बॅबिलोन, अटलांटिस अशी फिरतात. मंत्र म्हटला की ताईताची मोठी कमान होते आणि तिच्यापलीकडे दुसरा काळ असतो. ही युक्ती दुसऱ्या वाचनातही शिळी वाटत नाही.

नेस्बिट या फेबियन सोसायटी या ब्रिटिश समाजवादी संस्थेच्या संस्थापकांपैकी होत्या. त्यांचा समाजवाद पुस्तकभर जाणवतो, पण तो उत्तम उतरला आहे तो बॅबिलोनची राणी लंडनला येते तेव्हा. माइल एंड रोडवरून गाडीने जाताना, तुम्ही आपले गुलाम फार हालात ठेवता, असे ती बोलून दाखवते. ते गुलाम नसून कामगार आहेत, असे जेन सांगते. त्यांना मताचा अधिकार असल्यामुळे ते बंड करणार नाहीत, अशी पुस्ती सिरिल जोडतो. मात्र मत म्हणजे काय, तो एखादा मंत्र आहे का, त्याचे ते करतात काय, असे राणी विचारते तेव्हा बिचाऱ्याची पंचाईत होते. म्हणजे खेळणेच की, असे ठरवून राणी मोकळी होते आणि त्या सर्वांच्या हाती आवडीचे खाणेपिणे येवो अशी इच्छा करते, जी तिथल्या तिथे फळते. आमच्याकडे त्या रात्री प्रश्नच इतके निघाले की पुढचे वाचन राहून गेले.

भविष्यातल्या लंडनचे प्रकरण त्या मानाने प्रवचनाकडे झुकते. कचरा टाकल्याबद्दल शाळेने एक दिवस घरी बसवले म्हणून रडणारा मुलगा तेवढा लक्षात राहतो. त्याचे नाव लेखक एच. जी. वेल्स यांच्यावरून वेल्स असण्यातली मेख मोठ्यांनाच कळेल.

एक गंभीर उणीव सांगितलीच पाहिजे. शेअर दलालांच्या प्रसंगात ज्यू माणसांच्या नावांची आणि बोलण्याची जी टिंगल आहे, ती गरिबांविषयी एवढी कळकळ असलेल्या लेखिकेला शोभत नाही. दुसऱ्या वेळी मी ती पाने न गाळता थांबून समजावून सांगितली, आणि तेच बरे वाटले.

स्वामित्वहक्क संपल्याने मजकूर विनामूल्य मिळतो, पण एच. आर. मिलर यांची चित्रे असलेली प्रत मिळाल्यास पैसे खर्चून तीच घ्यावी.